समोरचा उजेड

माझ्या मामाला गल्लीत कोणीही नावाने हाक मारत नाही. तोंडावर सगळे त्याला ‘हनुवटीमामा’ म्हणतात आणि पाठीमागे नुसतंच ‘हनुवटी’. चाळीस वर्षं त्याने पासपोर्ट साइझचे फोटो काढले आणि स्टुलावर बसलेल्या प्रत्येक माणसाला एकच वाक्य ऐकवलं, “हनुवटी जरा खाली.” मी पाच वर्षांची असताना त्या स्टुलावर बसून हनुवटी एवढी खाली घेतली होती की फोटोत नुसता भांग आला. तो फोटो अजून काउंटरच्या काचेखाली आहे. नवीन गिऱ्हाइकाला तो दाखवून मामा “इतकीही खाली नको” असं सांगतो. माझी ही जाहिरात गेली बावीस वर्षं चालू आहे.

मामाचा स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरची लांबट खोली. जमीन लाकडी. खालचं मशीन सुरू झालं की वरचं स्टूल थरथरतं. एका भिंतीला पांढरा पडदा, त्याच्यासमोर दोन छत्र्यांचे फ्लॅश, कोपऱ्यात आरसा आणि आरशाखाली फणी, एक ओला रुमाल, एक कोरडा रुमाल. फोटोआधी मामा प्रत्येकाला चेहरा पुसायला लावतो. लहान मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा तो स्वतः पुसतो. त्याचे नियम दोनच. चेहरा स्वच्छ हवा, आणि सावली कुठेही नको. नाकाखाली नको, मानेखाली नको, मागच्या पडद्यावर तर अजिबात नको. सावली दिसली की ऑफिसवाले फोटो परत पाठवतात आणि गिऱ्हाईक मामाच्या डोक्यावर येऊन बसतं. हे दोन नियम लक्षात ठेवा, कारण आमच्या घराची जी वाट लागली ती या दोन नियमांनीच लागली.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. लोक घरच्या भिंतीसमोर उभे राहून आपले आपण फोटो काढू लागले. मामा दिवसभर रुमालांच्या घड्या घालत बसायचा. अशात एक दिवस विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. त्यांना तुटलेल्या, जळालेल्या, झिजलेल्या लहान वस्तूंचे अगदी जवळून काढलेले फोटो हवे होते. कधी यंत्राच्या चाकाचा दात, कधी वायरीचं जळकं टोक. वस्तू बंद पाकिटात येणार, पाकिटावर फक्त नंबर, फोटो काढले की पाकीट परत. मामाने जन्मात चेहऱ्यापेक्षा लहान काही टिपलं नव्हतं, तरी “काढू की” म्हणून मोकळा झाला. नाही म्हणायला त्याला कधी जमलंच नाही.

त्याने एक वापरलेली मॅक्रो लेन्स मिळवली, मुंगीच्या मिशा मोजता येतील इतक्या जवळून फोटो काढणारी. आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडला. इतक्या जवळ गेलं की केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो, बाकी सगळं धूसर. सगळं स्पष्ट हवं तर लेन्सचं तोंड बारीक करावं लागतं, आणि ते बारीक केलं की उजेड पुरत नाही. मामाने टेबलावर दोन दिवे लावले, शटर सेकंदभर उघडं ठेवलं. खाली छापखान्याचं मशीन फिरलं, जमीन हलली, आणि एका स्प्रिंगच्या दोन स्प्रिंगा आल्या.

“फ्लॅशच पाहिजे,” मामा म्हणाला. “पापणी लवायच्या आत पेटतो आणि विझतो. तेवढ्यात मशीन काय हलवणार?”

पण छत्र्यांचे मोठे फ्लॅश चालेनात. वस्तू लेन्सच्या इतकी नाकाशी यायची की लेन्सचीच सावली तिच्यावर पडायची. सावली म्हटल्यावर मामाला अन्न गोड लागेना.

आता माझं पाप सांगते. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. आमचे डॉक्टर दातांचे फोटो काढतात तेव्हा लेन्सच्या तोंडाभोवती कड्यासारखा बसणारा फ्लॅश लावतात. त्याला रिंग फ्लॅश म्हणतात. लेन्स जिथून बघते तिथूनच उजेड निघतो, म्हणून दाढेच्या पोटातली कीडही लख्ख दिसते आणि सावली औषधालाही सापडत नाही. मी हे मामाला सांगितलं आणि त्याला दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने आणखी दोन प्रकार दाखवले. एकात लेन्सच्या दोन बाजूंना दोन लहान दिवे होते. दुसरा साधाच फ्लॅश होता, लांब वायरीवरचा, हातात धरून हवा त्या बाजूने मारायचा.

“धातूच्या वस्तू असतील तर हा हातातला घ्या काका,” दुकानदार म्हणाला. “शिकायला त्रास आहे, पण उजेड तुमच्या मुठीत राहतो.”

“सावली पडेल ना,” मामा म्हणाला.

“ती पडायलाच तर हा घ्यायचा.”

मामाने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मी शेजारून “कडंच घे, कडं” म्हणून टुमणं लावलंच होतं. त्याने कडं घेतलं. सर्व्हेअर खूश झाले. दोन वर्षं पाकिटं येत राहिली, मामा फोटो काढत राहिला. माणूस पुन्हा ताठ चालायला लागला होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे मी त्याला वाट्टेल ते बोलले.

माझे बाबा कागदाच्या गोदामात फिटर. तिथे त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. माल वर-खाली नेणारी लिफ्ट, तिच्या साखळ्या, कप्प्या, बोल्ट, सगळं त्यांच्या हाताखाली. कामाच्या बाबतीत बाबा भयंकर मानी. घरातला नळ गळत असेल तर आई तो दोन महिने गळू देते, पण बाहेरचा प्लंबर बोलावत नाही. बोलावला तर बाबा आठवडाभर नळाशीही बोलणार नाहीत.

एक दिवस त्या लिफ्टचा अंगठ्याएवढा जाड बोल्ट तुटला. कागदाच्या रिळांनी भरलेला पाळणा एका बाजूने खाली आला आणि खाली उभ्या असलेल्या हमालाचा पाय चेंगरला. गोदामात त्याला लंब्या म्हणत. बाबांबरोबर बारा वर्षं काम केलेला माणूस. पाय वाचला, पण त्याच्यावर पूर्वीसारखा भार कधी पडणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. दीड महिन्याने पत्र आलं. दूरच्या ऑफिसातल्या कोणा तज्ज्ञांनी बोल्टचे फोटो पाहून मत दिलं होतं: तुटलेला भाग सगळीकडे सारखा, स्वच्छ आणि ताजा आहे, जुना तडा नाही, बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे एका झटक्यात तुटला. बोल्ट आवळणारे बाबा.

“मी जास्त आवळला?” बाबा एवढंच म्हणाले. मग तेच वाक्य दिवसभरात दहा वेळा म्हणाले. जेवताना म्हणाले, दाढी करताना आरशाला म्हणाले. नोकरी संपायला त्यांची दोन वर्षं उरली होती. आपल्या हातामुळे लंब्याचा पाय अधू झाला असं सगळं गोदाम म्हणणार, या विचाराने त्यांचा चेहरा एका आठवड्यात उतरला.

पत्राला फोटो जोडला होता. मी तो हातात घेतला. बोल्ट कागदाच्या बरोबर मध्यभागी, सरळ, घासूनपुसून चकचकीत, मागे पांढरं स्वच्छ, सावलीचा पत्ता नाही. बोल्टचा पासपोर्ट फोटो होता तो. हनुवटी तेवढी खाली नव्हती. मी फोटो उलटा केला. मागे मामाच्या स्टुडिओचा शिक्का.

मी तशीच स्टुडिओत गेले. स्टुलावर एक बाई बसल्या होत्या, मामा त्यांना हनुवटीबद्दल सांगत होता. मी त्या बाईंसमोरच फोटो काउंटरवर आपटला.

“हा कोणाचा बोल्ट आहे माहितीय तुला?”

“पाकिटावर नंबर असतो ग नुसता. कोणाचा?”

“बाबांचा.”

मामा स्टुलाकडे वळला, बाईंना “पाच मिनिटं” म्हणाला, आणि मग तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. लंब्याचा अपघात त्याला माहीत होता. तो बोल्ट आपल्याच टेबलावर येऊन गेला हे माहीत नव्हतं.

“तुला त्याच्यावर काही दिसलं नाही? काहीच नाही?”

“काय दिसणार? तेलकट होता. अर्ध्या भागावर तांबूस काळा डाग होता. तो मी पुसला.”

“पुसलास?”

“स्पिरिट लावून, ब्रशने. घाण होती ग ती.” हे बोलताना त्याचा हात आपोआप ओल्या रुमालाकडे गेला. “समोर आला की पुसूनच घेतो ना मी.”

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या बाई फोटो न काढताच निघून गेल्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. डाग अर्ध्याच भागावर होता, हे ऐकून बाबांनी डोळे मिटले. “तो तेलात मिसळलेला गंज होता,” ते म्हणाले. “तडा जुना असला की आत तेल शिरतं, ओल शिरते, तेवढा भाग काळा पडतो. एका झटक्यात तुटलेला बोल्ट आत पांढरा असतो. अग, तोच तर पुरावा होता. तुझ्या मामाला सांग, माझ्या दारात उभं राहायचं नाही.”

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. मामा तिचा सख्खा मोठा भाऊ. तिने बाबांच्या ताटात वाढलं. स्वतः जेवली नाही.

मी बाबांना विचारलं, “म्हणजे आता काहीच उरलं नाही?”

“डाग गेला,” बाबा म्हणाले, “पण लाटा जात नाहीत. जुना तडा थोडा सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. जिथे थांबला तिथे रेघ राहते. नखाला लागेल न लागेल इतकी बारीक. त्या पुसल्या जात नाहीत. पण फोटोत कुठे आहेत?”

दुसऱ्या दिवशी मी हे मामाला जाऊन सांगितलं. बोलायची इच्छा नव्हती, पण दुसरं कोणाला सांगणार? मामाने खिशातून एक नाणं काढलं, लेन्सखाली ठेवलं आणि कड्याच्या फ्लॅशने फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चकचकीत चकती आली, अक्षरं जेमतेम. मग तेच नाणं त्याने खिडकीत नेलं, तिरपं धरलं, आणि प्रत्येक अक्षर उठून दिसलं.

“उंचसखल कळतं ते सावलीने,” मामा स्वतःशीच म्हणाला. “आणि मी ती जन्मभर मारत आलो.” तो मटकन स्टुलावर बसला. माझ्या देखत मामा त्या स्टुलावर पहिल्यांदाच बसला असेल.

बाबांना चौकशीत आपल्या बाजूने काही दाखल करायचा हक्क होता. अर्ज केला, आणि बोल्टचे पुन्हा फोटो घ्यायला परवानगी मिळाली. गोदामाच्या ऑफिसात, सर्व्हेअरांसमोर, फक्त एक तास. सोळा दिवस हातात होते. मामा त्याच दुकानात गेला आणि तो लांब वायरीचा फ्लॅश घेऊन आला. दुकानदाराने काहीही टोमणा मारला नाही, त्याचंच मामाला जास्त लागलं.

सरावासाठी तुटके बोल्ट हवे होते. ते फक्त बाबांकडे होते, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कोणता कसा तुटला ते प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. बाबा मामाशी बोलत नव्हते. एका सकाळी तो डबा जेवणाच्या टेबलावर दिसला. आई म्हणाली, “तुझ्या मामाकडे जाणार असशील तर हा घेऊन जा.” बाबा पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता एवढंच.

मग रोज दवाखाना सुटला की मी स्टुडिओत जायचे. कॅमेऱ्याशी मामा, फ्लॅश माझ्या हातात. पहिल्या दिवशी मी तो बोल्टच्या डोक्यावर धरला तर धातू पेटल्यासारखा पांढराफटक आला. मामाने फ्लॅशचा जोर पार तळाला आणला, तरी मधोमध चट्टा पडायचाच. मग फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावला. चट्टा गेला, फोटो सुरेख मऊ आला, आणि मामा खूश होऊन बघत राहिला.

“सुरेख आहे,” मी म्हटलं, “पण रेघा कुठायत?”

“नाहीत,” तो म्हणाला आणि कागद टराटरा फाडला.

कागद काढला, फ्लॅश बाजूला नेला, तर अर्धा बोल्ट काळोखात गेला. रोज आम्ही फ्लॅश एकेक बोट खाली आणत होतो. मामा मला ओरडायचा, “खाली! अजून खाली! टेबलाला टेकव!” आणि मी म्हणायचे, “हनुवटी म्हणतोयस की फ्लॅश?” पण त्याला हसू यायचं नाही. त्याचा हात अजूनही प्रत्येक बोल्ट उचलला की रुमालाकडे जायचा. शेवटी मी दोन्ही रुमाल घरी घेऊन गेले.

अकराव्या दिवशी जमलं. काळ्या पुठ्ठ्याची नळी करून फ्लॅशला बसवली, तिच्या तोंडाला बोटभर फट ठेवली, आणि फ्लॅश टेबलाला जवळजवळ टेकवून आडव्यातून मारला. पलीकडच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, म्हणजे काळोखात थोडा उजेड परतावा. पडद्यावर फोटो आला आणि आम्ही दोघं त्यावर वाकलो. बोल्टच्या कडेच्या एका ठिपक्यापासून कमानी निघाल्या होत्या, एकाबाहेर एक, शिंपल्यावर असतात तशा. बांधलेल्या चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात होतं, ‘जुना तडा’. मामाने डोळे टिपले. रुमाल नसल्यामुळे शर्टाच्या बाहीने टिपले.

ठरलेल्या दिवशी आम्ही गोदामात गेलो. बाबा भिंतीशी हाताची घडी घालून उभे. सर्व्हेअर मामाला बघून म्हणाले, “अरे, तुम्हीच? पहिले फोटो पण तुमचेच ना?”

“हो साहेब,” मामा म्हणाला. “आणि बोल्ट मी पुसला होता. त्याच्यावर डाग होता. हे मी तुम्हाला लिहून देणार आहे.”

सर्व्हेअरांचा चेहरा कडक झाला. आपल्या पुढच्या पाकिटांवर मामाने स्वतःच्या हाताने पाणी सोडलं होतं. पण त्याने मान खाली घातली आणि कॅमेरा लावला. मी फ्लॅश टेबलाला टेकवला. तासाभरात मामाने चाळीस फोटो घेतले, तुटलेल्या तोंडाचे आणि बाजूचेही. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर त्याने एकेक पाहिला आणि म्हणाला, “स्टुडिओत मोठे करून बघू. भाऊजी, तुम्हीही चला.” बाबा आले. त्या भांडणानंतर पहिल्यांदा.

मामाने दोन फोटो मोठे छापले. पहिल्यात कमानी होत्या, अगदी डब्यातल्या बोल्टसारख्या, अर्ध्याहून जास्त भाग व्यापणाऱ्या. उरलेलाच तेवढा खरबरीत, एका झटक्यात फाटलेला. बाबांनी जास्त आवळलेला नव्हता. बोल्ट कित्येक महिने आतून थोडा थोडा तुटत आला होता. मी ओरडलेच. बाबांच्या खांद्यावरून ओझं उतरताना मला दिसलं.

मग त्यांनी दुसरा फोटो घेतला. तो बाजूचा होता. बोल्टच्या डोक्याखाली केसासारखी एक काळी रेघ पाव घेरापर्यंत गेली होती. तुटल्याची कड नव्हती ती. तिच्या शेजारचा दुसरा तडा होता, अजून न तुटलेला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

“अपघाताच्या आधी चार महिने तपासणी होती,” ते म्हणाले. “हा बोल्ट मी स्वतः काढला होता. पुसला. सगळीकडून फिरवून बघितला. ‘तडा नाही’ असं लिहून सही केली.”

“तेव्हा नसेल,” मी म्हटलं.

“कमानी बघ किती आहेत. चार महिन्यांत एवढ्या होत नाहीत. असणारच. ही रेघही असणार, जिथे तुटला तिथलीही असणार. एवढ्या मोठ्या नसतील, पण असणार.”

खाली छापखान्याचं मशीन चालू होतं, स्टूल थरथरत होतं. मामाने हळूच विचारलं, “दिवा कुठे होता, भाऊजी?”

बाबांनी कपाळावर बोट टेकवलं.

बाबा कामावर कपाळाला पट्ट्याचा दिवा बांधतात. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि डोळा जिथे वळेल तिथे उजेड पडतो. मामाच्या कड्यासारखाच. बघणाऱ्याच्या जागेवरूनच निघणारा उजेड, म्हणजे सगळं लख्ख आणि सावली कुठेच नाही. एकाने एकतीस वर्षं आणि एकाने चाळीस वर्षं, दोघांनी आधी पुसून मग असंच बघितलं होतं.

मामा पटकन म्हणाला, “हा दुसरा द्यायचाच नाही. पहिला पुरे आहे. आणि पहिल्याचीही कड मी थोडी कापून देतो, तीन-चार कमानी कमी दिसतील. तडा जुना, एवढंच कळेल. किती जुना ते कोण विचारणार?”

“दादा बरोबर बोलतोय,” आई म्हणाली. ती केव्हा जिना चढून आली ते कळलंच नव्हतं. “अहो, दोन वर्षं राहिलीत. कशाला?”

मीही तेच म्हणाले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, झालं गेलं, बाबा सुटतायत ना, मग सुटू द्या.

बाबांनी दोन्ही फोटो एकत्र केले. मग मामाला म्हणाले, “तुम्ही जन्मभर लोकांच्या तोंडावरचे डाग काढलेत. हा राहू द्या.”

दोन्ही फोटो बाबांनी स्वतःच्या हाताने दाखल केले, वर स्वतःचा जबाब. जास्त आवळल्याचा आरोप रद्द झाला. तपासणीत हयगय केल्याचा नवीन आरोप लागला आणि तो बाबांनी मान्य केला. त्यांना लिफ्टवरून काढून अवजारांच्या खोलीत बसवलं. आता ते सकाळी पाने-पक्कड मोजून देतात आणि संध्याकाळी मोजून घेतात. मामाकडे सर्व्हेअरांचं पाकीट पुन्हा आलं नाही. कड्याचा फ्लॅश त्याने आमच्या डॉक्टरांना देऊन टाकला.

निकालानंतरच्या रविवारी बाबा लंब्याकडे निघाले. मामा दारात उभा होता, कोरडा चेहरा, काखेत फोटोंचं पाकीट. “मीपण येतो,” म्हणाला. बाबांनी त्याला दारातून परत पाठवलं नाही. मीही बरोबर गेले.

लंब्या पलंगावर बसला होता, पाय समोर पसरलेला, घोट्याशी लोखंडी सळ्या. त्याची बायको आम्हाला खुर्च्या देऊन आत निघून गेली. पाणी आणलं नाही. बाबांनी दोन्ही फोटो त्याच्या मांडीवर ठेवले आणि काय आहे ते एका दमात सांगितलं. तपासणी, सही, कपाळावरचा दिवा, सगळं. मामाने मध्येच “आणि नंतर मी पुसला” एवढं जोडलं.

लंब्याने फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. त्याने रेघेवर बोट फिरवलं.

“ही तेव्हा दिसायला हवी होती का, मिस्त्री?”

“हो,” बाबा म्हणाले.

“मग का नाही दिसली?”

“समोरून बघितलं मी. बाजूने उजेड टाकला असता तर दिसली असती.”

“एवढंच?”

“एवढंच.”

 आतून भांड्यांचा आवाज येत होता. मामाच्या हनुवटीचं म्हणाल तर ती छातीला टेकली होती, आणि त्याला कोणी वर घ्यायला सांगत नव्हतं. मग लंब्याने दोन्ही फोटो उशाशी ठेवले, पायाकडे बघितलं आणि बाबांना म्हणाला, “ती पायाखालची उशी जरा सरकव. कळ मारतेय.”

बाबा उठले. खिडकीतून ऊन पलंगावर आडवं येत होतं. उशी कुठे घसरली ते त्यांनी आधी या बाजूने वाकून पाहिलं, मग त्या बाजूने, आणि मगच हात लावला.